खिंडीपलीकडचं काही नाही

बर्फ म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. आमच्या बापाने तो जन्मभर पिकवला. फरक इतकाच की आमचा खारट होता, आणि लोकांचा उन्हात वितळतो तर आमचा उन्हातच धरायचा. होळी उलटली की मिठागरावर राशी उभ्या राहायच्या, आणि पुनवेच्या आसपास त्यांचा असा उजेड पडायचा की गावातले कोंबडे फसून दोन-दोनदा आरवायचे. आई बिचारी दोनदा उठायची आणि दोनदा भाकऱ्या भाजायची. माझ्या अंगापिंडाचं गुपित हेच. आता त्या जागेवर कंटेनर उभे राहतात आणि त्यांच्या कडेला आमचे ट्रक. ट्रक दोन आहेत. पाहुण्यांना मी सात सांगतो, कारण पाहुणेही स्वतःचं खरं सांगत नाहीत.

दादा मात्र दोनच सांगतो. आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा बोलणं सगळं माझ्याकडे आलं आणि गप्प बसणं सगळं दादाकडे. मी खाडीकाठी उभा राहून हाक मारली की मांडव्याला लागलेली बोट आपल्यालाच बोलावलं समजून परत मुंबईला निघते. दादा दिवसाला चार शब्द बोलतो. त्यातले दोन तो बैलांशी बोलायचा, ते बैल गेल्यापासून शिल्लक पडतात.

त्या दिवशी आम्ही दोघे त्याच बोटीवर होतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडून परत येत होतो. दादाला काचबिंदू. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. दादाची नजर कडेकडेने विझत चालली होती, जसं तळं कडेने आटत जातं आणि मधे थोडं पाणी चमकत राहतं. त्याने मूठ गोल केली, डोळ्याला लावली आणि मला म्हणाला, "एवढं दिसतं. मधलं. बाजूचं न्हाय." बोटीमागे पाखरं लागली होती. ती त्याच्या मुठीतल्या नळीत एकेक करून येत होती आणि निघून जात होती. तो कितीतरी वेळ तसाच बघत बसला, जणू सगळा समुद्र त्याला कोणी पुडीत बांधून दिला होता.

"धाकल्या," तो म्हणाला, "ती खिंड आठवतं का रं?"

आठवत होती. तरणे होतो तेव्हा आंब्याच्या पेट्या घेऊन आम्ही पार वर हिमाचलात गेलो होतो. परतीचा माल मिळेना म्हणून रिकामा वेळ होता, आणि रिकाम्या वेळात माणूस वर चढतो. शेवटच्या गावात चहाचं दुकान होतं. त्याच्या मागे पांढरा डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर एक खाच, कोणी दाताने तोडल्यासारखी. दादाने चहावाल्याला विचारलं, पलीकडे काय आहे? चहावाला म्हणाला, "कुछ नहीं है जी, उधर कुछ नहीं."

दुसरा कोणी असता तर विसरला असता. पण जो माणूस दिवसाला चार शब्द बोलतो त्याच्या पोटात बाकीचे शब्द मुरत पडतात. हे 'काही नाही' त्याच्या पोटात इतकी वर्षं मुरलं होतं.

"ते काही न्हाय बघायचं ऱ्हायलं," दादा म्हणाला.

मी म्हटलं, जाऊ की, जून उजाडला की बर्फ वितळतो, वाट सुकी होते. मी तुला पाठीवर घेऊन चढतो.

"तेव्हा पांढरं व्हतं. पांढरं असतानाच बघू. आणि जूनपातुर माझी नळी किती उरतं, कोण सांगल."

यावर माझ्याकडेही शब्द नव्हता, आणि हे जिल्ह्यात प्रथमच घडत होतं.

*

चैत्रात गेलो. चहाचं दुकान होतं, चहावाला नव्हता. खिंडीकडे न्यायला मिळाली ती एक बाई, आमच्या मुलींच्या वयाची, गिर्यारोहण रीतसर शिकलेली, आणि आवाजात कडक सासूची जरब. ती हिंदीत बोलायची. मी इथे मराठीत सांगतो, नाहीतर तिचं शहाणपण आणि माझं हिंदी दोन्ही वाया जाईल. मला ती 'अंकल' म्हणायची आणि दादाला 'बडे अंकल'.

दादाचे डोळे ऐकून ती आधी नाहीच म्हणाली. मग दादाला तिने नदीकाठच्या दगडांवरून चालायला लावलं. जो माणूस वीतभर रुंद बांधावरून डोक्यावर मिठाची टोपली घेऊन अनवाणी धावला आहे, त्याचे डोळे तळपायात असतात. ती बघत राहिली. म्हणाली, बघू, पण मी मागे फिरा म्हटलं की फिरायचं. कारण विचारायचं खाली येऊन.

तिने आमच्या छातीवर एकेक यंत्र बांधलं. बीपर. माणूस बर्फाखाली गाडला गेला तरी ते आतून ओरडत राहतं आणि वरच्या माणसाच्या यंत्राला ते ऐकू येतं. मी म्हटलं, बाई, मला याची गरज नाही, मी गाडलो गेलो तरी माझं मला ओरडता येईल. ती म्हणाली, बर्फाखाली तोंडातही बर्फ असतो. मग तिने एक बीपर बर्फात पुरला आणि आम्हाला शोधायला लावला. जोडून लांब होणारी एक सळई खुपसत जायचं आणि मऊसर काही लागलं की फावड्याने खणायचं. फावडं म्हटल्यावर आम्ही दोघे असे सुटलो की बीपर तर निघालाच, मला वाटतं आणखी थोडं खणलं असतं तर पनवेलही लागलं असतं.

तिचा सगळा हिशोब पहाटेचा होता. वसंतातला बर्फ, ती म्हणाली, दिवसातून दोन वेगळ्या गोष्टी असतो. निरभ्र रात्री तो गोठून फरशीसारखा होतो. पहाटे त्यावरून जा. ऊन चढलं की त्यात पाणी उतरतं, आतला थर पकड सोडतो, आणि मग तुमच्या पायाचं निमित्त पुरतं. कधी तेवढंही लागत नाही.

दादाने मान हलवली. "म्हंजे पहाटे सुकती, दुपारी भरती."

सुकती म्हणजे आमच्याकडची ओहोटी. मी ते हिंदीत करून सांगितलं. समुद्र न पाहिलेल्या माणसाला ते समजावायला मला अर्धा तास लागला, त्यातली पंधरा मिनिटं मी एका शार्कबद्दल सांगत होतो.

रस्त्यात मी कुजबुजत चालत होतो. आवाजाने बर्फ कोसळतो असं कुठेतरी पाहिलं होतं, आणि माझ्या आवाजाने तर सगळं हिमाचल खाली आलं असतं. दुपारी न राहवून तिला विचारलं.

"आवाजाने नाही येत, अंकल. वजनाने येतो. उन्हाने येतो."

"मग मी बोलू?"

"तुम्ही सकाळपासून कुजबुजत बोलताच आहात."

संध्याकाळी मला एक झकास जागा दिसली. सपाट, मोठी, क्रिकेटच्या मैदानासारखी, वरून पांढरा उतार थेट तिच्यात उतरलेला. तंबू इथेच, मी म्हटलं. तिने त्या जागेकडे ढुंकून पाहिलं नाही. बाजूला खडकांच्या उंचवट्यावर, जिथे पाठीला चार टोकं टोचतात, तिथे तंबू लावला. मी रात्रभर कण्हलो. निदान सकाळी तसं सांगितलं तरी.

आणि रात्र ढगाळ निघाली. पहाटे तिने बाहेर जाऊन पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. गोठलंच नव्हतं. ढगांनी डोंगरावर गोधडी घातली होती आणि गोधडीखाली काही थिजत नाही.

"आज नाही," ती म्हणाली आणि चहा ठेवला.

मी भांडलो. म्हटलं, आम्ही किती लांबून आलोय, याला उद्या दिसेल की नाही कोणाला ठाऊक. तिने ऐकून घेतलं, माझ्या चहात साखर घातली आणि परत म्हणाली, आज नाही. दादा दिवसभर खडकावर बसून मुठीच्या नळीतून ढग बघत होता. ढग नळीत शिरत, नळी भरून टाकत, निघून जात. मधेच एकदा ती दाताने तोडलेली खाच त्यात आली आणि त्याने मूठ हलवली नाही, श्वासही जरा धरून ठेवला.

*

दुसरी पहाट कडक होती. आकाश काचेसारखं, आणि पायाखाली बर्फ पापडासारखा वाजत होता. निळसर अंधारात तो सगळा डोंगर इतका आमच्या राशींसारखा दिसत होता की मी बोटाने उचलून जिभेवर ठेवला. अळणी. एवढा मोठा डोंगर आणि चवीला काही नाही. मला तेव्हा पहिल्यांदा जरा भीती वाटली.

वाटेत एकच वाईट जागा होती. रुंद उतार, तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन त्याच्याच पदरात. फार उभा नाही, फार सपाट नाही. असाच उतार घसरतो, ती म्हणाली, कारण उभ्यावर बर्फ ठरत नाही आणि सपाटीवर सरकत नाही. पलीकडे मोठा काळा खडक, तिथे पोचलं की सुटलो. पिशव्यांचे पट्टे सैल करा, काठ्यांचे फास मनगटातून काढा. आधी ती जाईल, फावड्याने चर पाडत. मग मी. मग बडे अंकल. एका वेळी एकच.

इथे आमचं सगळं रक्त उलटं फिरलं. आमच्याकडे खाजणातून जायचं तर सुटं कोणी जात नाही. चिखल कधी ओढेल सांगता येत नाही, म्हणून पुढच्याच्या खांद्यावर मागच्याचा हात, त्याच्या पावलात पाऊल, सगळी माळ एकदम. एक रुतला तर बाकीचे उपसतात. बापाने चालायला शिकवलं तेच असं. सुटा चालला तो खाडीचा झाला, म्हणायचा. लग्नाच्या वऱ्हाडापासून मयतापर्यंत आम्ही तो चिखल असाच पार केलाय. दादा कायम पुढे आणि माझा हात त्याच्या खांद्यावर. डोळे गेल्यापासून मी पुढे आणि त्याचा हात माझ्या, एवढाच बदल.

ती गेली. मी गेलो. काळ्या खडकाजवळ पोचून वळलो तर दादा उतारावर उतरला होता. पाय चरात बरोबर पडत होते. पण त्याचा उजवा हात समोर, हवेत, खांद्याच्या उंचीवर उचललेला होता. तिथे खांदा नव्हता. तो हात तिथे नसलेल्या मला चाचपत येत होता.

मी जायचं ठरवलं नाही. माझे पाय गेले. मधोमध पोचून मी त्याच्यापुढे पाठ करून उभा राहिलो, त्याचा हात खांद्यावर पडला, आणि दोघांनाही असं बरं वाटलं, जसं बिजागरी जागेवर बसली. खाजण पार केल्यासारखे आम्ही डुलत खडकाशी आलो.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडून मोकळा झालो असतो. ती शांतपणे म्हणाली, "अंकल, तुम्ही दोघे एकदम गेला असता तर मी एकटी आधी कोणाला खोदलं असतं?"

चिखलात सगळे एकत्र जातात, कारण ओढायला माणूस लागतो. बर्फात सगळे सुटे जातात, कारण खोदायला माणूस उरावा लागतो. दोन्हीकडे कारण एकच आहे, आणि ते माझ्या मोठ्या डोक्यात घुसायला एवढा उतार पार करावा लागला. दादाने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"परत असं करू नको," तो मला म्हणाला. "तू उरायला पायजेस."

*

पुढे चढ होता आणि चढ सुंदर होता. सूर्य आला तेव्हा बर्फ गुलाबी झाला, मग पिवळा, मग कुठलाच रंग न राहता नुसता उजेड झाला. आमच्या सावल्या निळ्या होत्या. खिंड इतकी जवळ आली की खाचेतले दगड वेगळे दिसायला लागले. मला वाटलं हात लांब केला तर कड हाताला लागेल, आणि माझे हात तसे लांबच आहेत.

तेवढ्यात वरून एक लाडू आला. बर्फाचा, बुंदीएवढा. घरंगळत, घरंगळत, मोठा होत आमच्या पायाशी येऊन फुटला. मग दुसरा. मग पाच-सात, गोगलगाईसारखे मागे रेघा सोडत. वारा रात्रीचा गार होता तो फिरला होता आणि गालाला कोमट लागत होता.

ती थांबली. काठी उलटी करून बर्फात दाबली. मघाशी बर्फ जिचं टोकदेखील आत घेत नव्हता ती आता तिच्या हातापर्यंत आत गेली.

"मागे," ती म्हणाली.

मी म्हटलं, ही काय खिंड, इथे तर आहे. तुम्ही दोघे थांबा, मी पळत जातो, बघून येतो. ती म्हणाली, सुटं वर कोणी जात नाही, आणि खालचा उतार आपली वाट बघत थांबणार नाही. मी म्हटलं, ताई, याला पुढच्या वर्षी दिसणार नाही. माझा आवाज तेव्हा कसा झाला होता ते मी सांगणार नाही.

तिने दादाकडे बघितलं. त्याचं बघणं होतं, त्यानेच सांगावं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. पण पाय तिने खालच्या बाजूला वळवून ठेवले होते.

दादाने मूठ गोल केली आणि खिंडीवर धरली. लाडू घरंगळत होते. मग त्याने मूठ उघडली, जसं पाखरू सोडावं तसं.

"भरती लागली," तो म्हणाला. "फिरा."

उताराशी आलो तर चराच्या कडा मऊ पडल्या होत्या, आतून ओल चमकत होती. अजून जाता येईल, ती म्हणाली, पण आत्ता, आणि मधे थांबायचं नाही. अंकल आधी, मग बडे अंकल, मी शेवटी. मी पार झालो. वळलो. दादाने पाऊल टाकलं, आणि त्याचा हात पुन्हा उठला, हवेत, खांदा शोधत.

माझे पाय हलले. अलीकडच्या कडेलाही खडक होता, मी त्याला मिठी मारली. खरीच मिठी मारली, यात अतिशयोक्ती नाही, अंगरख्याच्या बाहीला अजून तिथलं शेवाळ आहे. पाय अडवले तशी तोंडाला वाट मिळाली.

"दादा, ऐक," मी म्हटलं. "खिंडीपलीकडे काय हाय ते सांगतो."

"तू बघितलं न्हाय," दादा चालत म्हणाला.

"न बघितलेलं मी जास्त चांगलं सांगतो, तुला म्हाईत हाय. ऐक. पलीकडे खाडी हाय. पांढरी. पाणी न्हाय तिच्यात, नुसती सुकती, कायमची. होड्या चिखलाबिगर उभ्या हायेत, कलत न्हायत, काय न्हाय."

त्याचा हात हळूहळू खाली आला. कान पुढे आले. तो माझ्या आवाजाला खांदा समजून चालत होता, पावलामागे पाऊल.

"मिठागर हाय. त्याला बांध न्हायत. कुठून कुठपातुर हाय ते कोणी मोजलंच न्हाय. राशी एवढ्या, की त्यांच्या सावलीत माणगावचा अख्खा बाजार बसंल. कोंबडे आरवतात, दोन-दोनदा. आई दुसऱ्यांदा उठली हाय. भाकरीचा वास येतो, पण धूर पांढऱ्यात दिसत न्हाय."

दादा मधोमध आला आणि थांबला. तिथे, बरोबर त्या जागी. पाय चरात, चेहरा माझ्याकडे. त्याच्या मागे ती हात हलवत होती, चला, चला.

"बा हाय का तिथं?" दादाने विचारलं.

माझ्या गळ्यात होतं उत्तर. जन्मभर मी गोष्टीत कोणाला अर्धवट सोडलं नाही. पण उत्तर मिळालं असतं तर तो तिथेच ऐकत उभा राहिला असता.

"हिथं येशील तर सांगन," मी म्हटलं. "फुकटात न्हाय."

तो हसला. आणि निघाला. मला तो माझ्याकडे येताना दिसत होता, आणि त्याला, त्याच्या नळीत, मी दिसत असणार, खडकाला चिकटलेला मोठा मेंढा. तो पोचला आणि त्याने हात माझ्या खांद्यावर टाकला. मागून ती झपझप आली, म्हणाली, थांबू नका, खाली उतरा, आणि आम्ही उतरलो. उत्तर राहून गेलं.

उंचवट्यावर चहा घेत होतो तेव्हा डोंगर सुटला. आवाज मोठा नव्हता. ट्रकचा फाळका उघडून रेती ओतावी तसा, फक्त तो ट्रक संपेना. उतार हळू चालल्यासारखा दिसला, ओला, जड, आपल्याच घड्यांतून लोळत, आणि मी ज्या मैदानात तंबू लावा म्हणत होतो तिथे येऊन थांबला. थांबल्यावर तो नांगरलेल्या शेतासारखा होता. आमचा चर नव्हता, कडेचे खडक तेवढे उरले होते. दादाला सगळं दिसलं नसावं. पण तो ऐकत होता, आणि सगळं थांबल्यावर त्याने चहाचा उरलेला घोट घेतला.

ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही तंबूच्या जागेबद्दल पुढे काही बोललो नाही. हा माझा दुसरा विक्रम.

*

आता दादाची नळी दोऱ्याएवढी झाली आहे. संध्याकाळी तो पुलाजवळच्या टपरीवर बसतो. परवा मी ट्रक लावून तिकडे गेलो तर भोवती घोळका होता. मला वाटलं कोणी पडलं. तर दादा बोलत होता. चार शब्द नव्हे, सगळे शब्द, आतापर्यंत साठलेले.

"पलीकडे मिठागर," तो सांगत होता. "त्याला बांध न्हाय. राशी अशा, की त्यांच्या सावलीत अख्खं माणगाव बसंल, बोर्लीचा बाजार बसंल, आणि वर तुमचा नवा टोलनाका. आणि बा तिथं हुबा व्हता. फावडं टेकून. मला म्हणाला, आलास का, सुटा आलास?"

"मग तू काय म्हणालास?" एकाने विचारलं.

"मी म्हणलो, सुटाच आलो, बा. पण धाकला हाका मारीत व्हता."

कोणी हसलं. टपरीवाल्याने मला बघितलं आणि विचारलं, "काय शेठ, तुम्ही पण व्हता ना? खरं हाय का हे?"

दादाने मान माझ्या दिशेला वळवली आणि वाट बघत राहिला.

"व्हय," मी म्हटलं. "आणि टोलनाका तर त्याने लहानच सांगितला."